खोल पाण्याचा पोशाख

(मंडळाच्या वर्धापनदिनी जळगाव येथे झालेले भाषण)



माझे माहेर जळगावचे आणि सासर धुळ्याचे. दोन्ही गावांना समुद्र दूरचा. असे असून समुद्राच्या तळाशी बुडालेल्या जहाजांपर्यंत जाताना अंगात काय घालावे, हा विषय मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे. हा विषय माझ्या हौशीचा खरा, पण निवड चिटणीसबाईंची. त्या म्हणाल्या, "आपल्या मुली आता तारकर्लीला, गोव्याला, अंदमानला जाऊन पाण्याखाली उतरायला शिकतात. घरी येऊन आईला विचारतात, जाऊ का? आईला नाही म्हणवत नाही आणि हो म्हणताना धीर होत नाही. निदान काय विचारावे एवढे तरी आम्हाला सांगा." म्हणून आज उभी आहे. मी स्वतः बरीच वर्षे पाण्याखाली उतरते, तेव्हा जे सांगेन ते पुस्तकाबरोबर अनुभवाचेही आहे.

प्रथम एक शंका दूर केली पाहिजे. आपण खानदेशी माणसे उन्हाला सरावलेली. वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास खेळतो, तरी आपली पापड-कुरडयांची कामे गच्चीवर चालूच असतात. गोव्याचा, लक्षद्वीपचा किंवा श्रीलंकेचा समुद्र २७-२८ अंशांचा असतो असे ऐकले, की आपल्याला वाटते, हे तर न्हाणीतले कोमट पाणी! त्यात उतरायला अंगभर जाड रबराचा पोशाख कशाला?

याचे उत्तर आपल्या शेतातल्या विहिरीनेच पूर्वीपासून देऊन ठेवले आहे. भर मे महिन्यात, अंगाची लाही होत असताना, मुले विहिरीत मुटके मारतात. तासाभराने तीच मुले काठावर येतात तेव्हा ओठ काळेनिळे झालेले असतात, दात वाजत असतात, आणि आई टॉवेल घेऊन ओरडत असते. बाहेर ४३ अंश, आणि पोर कुडकुडते! हे आपण सर्वांनी पाहिले आहे, फक्त त्याचा विचार केलेला नसतो.

विचार असा आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने उष्णता वाहून नेते. आपले शरीर ३७ अंशांचे. हवा २८ अंशांची असली तर आपण सुखाने बसतो. पण पाणी २८ अंशांचे असले, तर ते अंगाची ऊब क्षणोक्षणी ओढून घेत राहते. उघड्या अंगाने स्थिर बसलेल्या माणसाला गारठू न देणारे पाणी साधारण ३३ ते ३५ अंशांचे लागते. चोपडे तालुक्यातल्या उनपदेवाच्या गरम झऱ्याखाली आपण हवे तितके बसतो आणि थंडी वाजत नाही, ती त्याचमुळे. जगातला कोणताही मोठा समुद्र सहसा इतका ऊन नसतो. तात्पर्य, उबदार म्हणून ज्याची ख्याती तो समुद्रही आपल्या शरीराच्या हिशेबाने थंडच असतो. त्याची थंडी अंगावर धावून येत नाही. ती उधारीच्या व्याजासारखी नकळत चढते.

आता बुडालेल्या जहाजांकडे वळू. गोव्याच्या ग्रँड बेटाजवळ जी भंगलेली जहाजे नवशिके पाहतात ती उथळ पाण्यात आहेत. गोव्याच्याच सुंची खडकाजवळ दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पुरातत्त्वज्ञांनी सतराव्या शतकातल्या पोर्तुगीज जहाजाचे अवशेष अभ्यासले. तेही थोड्या खोलीवरचे. आपल्या सिंधुदुर्गात निवती रॉकजवळ, नौदलातून २०२४ मध्ये निवृत्त झालेल्या 'गुलदार' या जहाजाचे पाण्याखाली संग्रहालय करण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला आहे. अशा ठिकाणी शिकाऊ मुलगी वीस-पंचवीस मिनिटे पाण्याखाली असते, खाली गेली तशी सावकाश सरळ वर येते.

खोल जहाजाची गोष्ट निराळी. आपल्या शेजारचेच उदाहरण घ्या. श्रीलंकेच्या पूर्व किनाऱ्यावर बट्टिकलोआ गावासमोर 'हर्मिस' नावाचे ब्रिटिश जहाज पडलेले आहे. विमानवाहू म्हणूनच ज्याचा आराखडा केला गेला असे हे पहिले जहाज. ९ एप्रिल १९४२ रोजी जपानी विमानांनी ते बुडवले आणि ३०७ माणसे त्याबरोबर गेली. ते आज सुमारे ५३ मीटर खोलीवर आहे. आपल्या चार-पाच पुरुष खोलीच्या विहिरी एकावर एक सहा-सात रचल्या तर जेवढी खोली होईल तेवढी ही. पाणी उबदार, आणि तरीही नीट तयारी नसलेल्या माणसाने तिथे पाऊल टाकू नये असे ठिकाण.

कारण सांगते. पाण्याखाली दर दहा मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. ५३ मीटरवर तो जमिनीवरच्या सहापटींहून अधिक होतो. या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन वायू रक्तात आणि मांसात विरघळतो. गोटी सोड्याची बाटली आठवा. गोटी एकदम आत दाबली की सोडा फसफसून वर येतो. हळूहळू दाब सोडला तर फेस येत नाही. आपल्या शरीराचेही तसेच. एकदम वर आले तर रक्तात बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंग लुळे पडू शकते, प्राणही जातो. म्हणून ब्रिटिश शास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने थांबत वर येण्याची कोष्टके दिली. साधने आज पुष्कळ सुधारली, तरी टप्प्याटप्प्याने थांबण्याचा तो नियम कायम आहे. तळाशी वीस-पंचवीस मिनिटे घालवली, तर वर येताना त्याहून अधिक वेळ दोरीला धरून निरनिराळ्या खोलीवर थांबत यावे लागते. त्यातला सर्वांत लांब मुक्काम शेवटचा, सहा आणि तीन मीटरवरचा. वर सूर्य दिसतो, बोट दिसते, पण वर जाता येत नाही.

भगिनींनो, या शेवटच्या अर्ध्या-पाऊण तासासाठीच पोशाख निवडायचा असतो. माझ्या साऱ्या भाषणाचे सार एवढेच. नवखी मुलगी बोटीवरच्या उन्हाकडे पाहून कपडे ठरवते. थोडी शिकलेली तळाच्या पाण्याचा विचार करते. शहाणी मुलगी विचारते, "तास-सव्वा तासानंतर, हालचाल न करता, दोरीला धरून मी लोंबकळत असेन, तेव्हा मला ऊब असेल का?"

हा प्रश्न नुसत्या सुखसोयीचा नाही. अमेरिकेच्या नौदलाने पाणबुड्यांवर प्रयोग करून २००७ मध्ये त्यांचा अहवाल दिला. त्यात काही जणांना तळाशी ३६ अंशांच्या ऊन पाण्यात ठेवले आणि वर येताना २७ अंशांच्या पाण्यात. काहींना याच्या उलट. तळाशी ऊब आणि परतताना गारवा ज्यांच्या वाट्याला आला, त्यांना बुडबुड्यांचा आजार पुष्कळच जास्त झाला. तळाशी गारवा व परतताना ऊब, हा क्रम सर्वांत सुरक्षित ठरला. याचे कारण समजण्याजोगे आहे. अंग गरम असताना रक्त हातापायांपर्यंत खेळते आणि वायू भराभर आत शिरतो. मग अंग गारठले की हातापायांतल्या शिरा आकसतात, आणि आत शिरलेल्या वायूला बाहेर पडायची वाट अरुंद होते. ध्यानात घ्या, या प्रयोगातले 'थंड' पाणी २७ अंशांचे होते. म्हणजे ज्याला आपण उबदार समुद्र म्हणतो, तोच!

आता पोशाखाचे प्रकार पाहू. सर्वांत पातळ म्हणजे ताणल्या जाणाऱ्या लायक्रा कापडाचा अंगासरशी बसणारा पोशाख. तो ऊन, जेलीफिशचे डंख आणि ओरखडे अडवतो, पण ऊब जवळजवळ देत नाही. उथळ पाण्यात थोडा वेळ पोहणाऱ्याला तो पुरे.

दुसरा, वेटसूट. हा निओप्रीन नावाच्या रबराचा असतो आणि त्या रबरात वायूचे असंख्य बारीक बुडबुडे कोंडलेले असतात. कॅलिफोर्निया विद्यापीठातील ह्यू ब्रॅडनर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९५० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याची कल्पना मांडली. आपल्या गोधडीचे तत्त्व हेच. गोधडी स्वतः ऊब निर्माण करीत नाही. थरांत अडकलेली हवा आपलीच ऊब राखते. वेटसूटमध्ये थोडे पाणी शिरते, ते अंगाच्या उबेने कोमट होते आणि रबर ती ऊब बाहेर जाऊ देत नाही. तीन मिलिमीटर, पाच मिलिमीटर, सात मिलिमीटर अशा त्याच्या जाड्या असतात.

पण येथे एक मेख आहे. दाबाखाली त्या रबरातले बुडबुडे चेपतात. ५० मीटरवर पाच मिलिमीटरचा सूट निम्म्याहूनही पातळ होतो. ज्या पोशाखाने बोटीवर घाम फुटला, तोच तळाशी चादरीसारखा होतो. वर येताना बरीचशी जाडी परत मिळते खरी, पण गेलेली ऊब परत मिळत नाही.

तिसरा, ड्रायसूट. यात मान आणि मनगटे रबराने बंद केलेली असतात, पाणी आत शिरत नाही, आणि आत सुती किंवा लोकरीसारखे कपडे घालता येतात. जुन्या काळी तांब्याचे शिरस्त्राण घालून उतरणारे पाणबुडेही जलरोधक पोशाखाखाली लोकरीचे कपडेच घालीत. उबदार समुद्रासाठी पातळ कापडाचा ड्रायसूट आणि आत पातळ कपडे पुरतात. त्याची ऊब खोलीप्रमाणे फारशी कमी होत नाही, कारण दाबाने आतली हवा आकसली की नळीने थोडी हवा आत सोडता येते. मात्र हा पोशाख वापरणे ही वेगळी विद्या आहे. आतली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर फेकला जाऊ शकतो. उथळ पाण्यात अनुभवी शिक्षकाबरोबर पुष्कळ सराव झाल्यावाचून ड्रायसूट घालून खोल उतरू नये. दुसरे असे, की खोल जाणारे लोक डोके बधिर होऊ नये म्हणून श्वासाच्या वायूत हेलियम मिसळतात. हेलियम हवेच्या सुमारे सहापट उष्णता वाहून नेतो. म्हणून श्वासाच्या त्या मिश्रणाने सूट भरू नये. त्यासाठी साध्या हवेची लहान निराळी बाटली ठेवावी.

मग निवड कशी करायची? माझा पाठ सांगते. पाणी २७-२९ अंशांचे, खोली वीस मीटरच्या आत, वेळ पाऊण तास, तर तीन मिलिमीटरचा वेटसूट बहुतेकींना पुरे. त्याच पाण्यात तीस-चाळीस मीटर, आणि एकूण वेळ तासाचा, तर पाच मिलिमीटर आणि डोक्याला टोपी. पन्नास मीटर, एकूण वेळ दीड तासाच्या आसपास, आणि तेही सलग चार-सहा दिवस, तर जाड सूट आणि आत टोपीसह बंडी, किंवा नीट शिकलेली असेल तर पातळ ड्रायसूट. सलग दिवसांचा उल्लेख मुद्दाम केला. पहिल्या दिवशी पुरलेला कपडा चौथ्या दिवशी कमी पडतो, कारण गारठा आणि थकवा साठत जातात. शिवाय खाली पाण्याचा थंड थर लागू शकतो. पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यावर तळाचे थंड पाणी वर सरकते, तेव्हा वरच्या पाण्याला हात लावून कपडा ठरवणारी फसते.

पोशाखाचा आणखी एक हिशेब आहे, तो तरंगण्याचा. रबरात हवा असल्याने वेटसूट माणसाला वर ढकलतो. म्हणून कमरेला शिशाची वजने बांधतात. खोल गेल्यावर रबर चेपले की ती वर ढकलण्याची शक्ती जाते, वजने मात्र तेवढीच राहतात! त्यात पाठीवर लोखंडी जोड-सिलिंडर असतील तर माणूस दगडासारखा खाली ओढला जातो, आणि तरंगण्याचे हवेचे जाकीट फाटले तर वर येण्याचा आधारच राहात नाही. म्हणून जाड वेटसूट व जड लोखंडी जोड-सिलिंडर यांची जोडी जमवू नये. दुसरा स्वतंत्र फुगा तरी असावा, किंवा ड्रायसूट असावा. उलट बाजूही पाहा. बारा लिटरच्या दोन सिलिंडरांत दोनशे वातावरणे दाबाने भरलेली हवा जवळजवळ पावणेसहा किलो वजनाची असते. ती संपत आली की आपण तेवढे हलके होतो, आणि नेमके त्याच वेळी तीन मीटरवर स्थिर थांबायचे असते. म्हणून वजने ठरवताना जवळजवळ रिकाम्या सिलिंडरांसह, तोच सूट घालून, तीन मीटरवर थांबून पाहावे. नवा सूट घेतला की ही परीक्षा पुन्हा. नवी साडी नेसून एकदम लग्नाला जाता येते. नवा सूट घालून एकदम खोल जाता येत नाही.

हातापायांचेही पाहिले पाहिजे. बुडालेले जहाज म्हणजे गंजलेल्या धारदार पत्र्यांचे घर. त्यावर मासेमारीची फाटकी जाळी अडकलेली असतात आणि कोपऱ्यांत विषारी काट्यांचे मासे दडलेले असतात. म्हणून पातळ पण चिवट हातमोजे आणि कडक तळाचे बूट हवेत. हातमोजे मात्र आधी उथळ पाण्यात वापरून पाहावेत. त्यांतून बकल उघडता आले पाहिजे, कात्री धरता आली पाहिजे. जाळे कापण्याची कात्री किंवा सुरी दोन ठिकाणी असावी, दोन्ही हातांना पोचेल अशी. आणि हातमोजे आहेत म्हणून दिसेल ते पकडू नये. ती जहाजे कित्येकांची समाधी आहेत. तिथली वस्तू उचलणे म्हणजे स्मशानातून काही घरी आणणे.

आता उन्हाची बाजू, जिच्यात आपण खानदेशी बायका जाणत्या आहोत. खालच्या थंडीसाठी घातलेला पोशाख बोटीवर भट्टी होतो. भर उन्हात जाड रबर घालून अर्धा तास बसलेली मुलगी पाण्यात शिरण्यापूर्वीच अर्धी दमते. म्हणून सर्व सामान आधी तयार करावे, पोशाख अगदी शेवटी चढवावा, वेळ लागणार असेल तर कमरेपर्यंतच घालावा, वरून समुद्राचे पाणी ओतून घ्यावे, सावलीत बसावे. पण शहाळे, लिंबू-सरबत, पाणी हे पोटभर घ्यावे.

येथे आपल्या बायकांचे एक जुने दुखणे निघते. एस. टी.च्या लांब प्रवासाला निघताना आपण पाणी पीत नाही, कारण वाटेत सोय नसते. बोटीवरही मुली हेच करतात. पाण्यात बुडालेल्या शरीराला लघवी अधिक होते. हा शरीराचा धर्म आहे, त्यात लाजण्यासारखे काही नाही. पण म्हणून पाणी न पिणे हा उपाय नव्हे. रक्त घट्ट झाले की थकवा वाढतो, आणि बुडबुड्यांच्या आजारालाही अनुकूल स्थिती होते असे तज्ज्ञ बजावतात. वेटसूट नंतर धुऊन टाकता येतो. ड्रायसूटमध्ये मोठ्यांचे डायपर वापरतात, पुरुषही वापरतात. बोटीवर आडोशाची सोय आहे का, हे आगाऊ विचारावे आणि नसेल तर मागावी. मुलीच्या अब्रूला यात काही बाधा येत नाही. तहानेने मात्र तिच्या जिवाला येते.

मापाचेही तसेच. भाड्याने मिळणारे पोशाख बहुधा पुरुषी बांध्याचे असतात. ते आपल्या मुलीला खांद्यात मोठे आणि कमरेत सैल बसतात. पाठीच्या कण्याजवळ पोकळी राहिली की प्रत्येक हालचालीबरोबर थंड पाणी आत-बाहेर करते, आणि मग सात मिलिमीटरचा सूटही तीनाचे काम करीत नाही. घालून उकिडवे बसावे, हात वर करावेत, पाठीवर हात फिरवून पोकळी पाहावी. गळा मात्र आवळता कामा नये. गळ्याच्या शिरा दाबल्या तर घेरी येते. सडपातळ, लहान चणीच्या मुलीची ऊब लवकर जाते, तेव्हा शेजारच्या धिप्पाड गृहस्थाला काय पुरते हे तिने पाहू नये. शिंप्याकडे आपण पोलक्याचे माप देताना दोनदा बजावतो, मग ज्यावर जीव अवलंबून तो कपडा "चालेल, चालेल" म्हणून का घ्यावा?

कोरियाच्या जेजू बेटावर हेन्यो नावाच्या स्त्रिया आहेत. पिढ्यान्‌पिढ्या त्या सिलिंडरावाचून, श्वास रोखून, समुद्राच्या तळाचे शिंपले आणि शेवाळ काढून संसार चालवतात. १९७०-८० या दशकापर्यंत त्या साध्या सुती कपड्यांत उतरत. हिवाळ्यात थोडाच वेळ पाण्यात राहून त्यांना किनाऱ्यावरच्या शेकोटीशी परतावे लागे. शास्त्रज्ञांनी त्यांची तपासणी केली तेव्हा थंडी सोसण्याची विलक्षण शक्ती त्यांच्यात आढळली. पुढे त्यांनी वेटसूट स्वीकारला, कामाचे तास वाढले, आणि थंडी सोसण्याची ती शक्ती थोड्या वर्षांत ओसरली. त्यांचे काही नुकसान झाले का? मला तसे वाटत नाही. सोसणे हा गुण खरा, पण ज्याची गरज उरली नाही ते सोसणे सोडून देण्यातही शहाणपण आहे. त्यांच्या या परंपरेला युनेस्कोने २०१६ मध्ये मानवतेचा वारसा म्हणून मान दिला, आणि तो मान घेताना त्या रबरी पोशाखातच काम करीत होत्या.

हे सांगण्याचे कारण असे, की पोशाख कितीही चांगला असला तरी एक गोष्ट दुकानात मिळत नाही. ती म्हणजे "मला थंडी वाजते आहे" हे वेळेवर सांगण्याची सवय. पाण्याखाली बोलता येत नाही, खुणा कराव्या लागतात. दोन्ही दंड हातांनी चोळले की त्याचा अर्थ गारठा. आणि अंगठा वर केला तर "छान चालले आहे" असा अर्थ नव्हे. "चला, वर निघू" असा. ही खूण कोणीही करावी, आणि ती झाली की कोणीही कारण न विचारता परत फिरावे, असा चांगल्या तुकड्यांचा नियम आहे. तळाशी गेल्या-गेल्या गारवा जाणवला तर तेव्हाच फिरावे. तेव्हा थांबे लहान असतात. आणखी दहा मिनिटे सोसली की परतीचे थांबे लांबतात, आणि ती लांबलेली वेळ त्याच गारठ्यात काढावी लागते.

आणि हेच आपल्या मुलींना जड जाते. लहानपणापासून आपण त्यांना शिकवतो, चार माणसांत आपले दुखणे काढू नये, आपल्यासाठी कोणाचा खोळंबा करू नये. आठ जणांनी पैसे भरून बोट केली आहे, आणि आपल्या एकटीमुळे सर्वांना परतावे लागेल, या संकोचाने मुलगी कुडकुडत खाली राहते. संकोचाने अंग गरम होत नाही.

धुळ्याच्या मैत्रिणींना तर हे वेगळे सांगायला नको. २०२४ च्या मे महिन्यात अकोले तालुक्यात प्रवरा नदीत बुडालेल्यांचा शोध घेण्यास धुळ्याच्या राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची तुकडी गेली होती. तिची बोट उलटली आणि दलाचे तीन जवान गेले. ती दुर्घटना थंडीची नव्हती, पोशाखाची नव्हती. पण शिकलेल्या, सरावलेल्या, दुसऱ्यांचे प्राण वाचवण्यास निघालेल्या माणसांनाही पाणी सवलत देत नाही, हे तिने दाखवले. मग हौसेने जाणाऱ्यांनी तयारीत कसूर का करावी?

तेव्हा मातांनो, मुलीने विचारले, "जाऊ का?" तर एवढे प्रश्न विचारा. किती खोल जाणार? तळाशी किती वेळ आणि वर येईपर्यंत एकूण किती वेळ? तळाचे पाणी किती अंशांचे? सूट तुझ्या मापाचा आहे का, आणि त्या सुटात उथळ पाण्यात वजनांची परीक्षा घेतली का? जाकीट फाटले तर दुसरा आधार कोणता? बोटीवर सावली, पाणी आणि आडोसा आहे का? आणि शेवटचा, सर्वांत मोठा: थंडी वाजली तर परत फिरू असे सांगायला तू लाजणार नाहीस ना? सातही प्रश्नांची उत्तरे तिने न अडखळता दिली, तर तिला निर्धास्तपणे जाऊ द्या. एकाचेही उत्तर आले नाही, तर रागावू नका. "ते शिकून घे, मग पुढच्या हंगामात जा," एवढेच म्हणा. जहाज ऐंशी वर्षांहून अधिक काळ तळाशी आहे. आणखी एक वर्ष ते कोठे जात नाही.

मंडळाला माझी एक विनंती आहे. समुद्र दूर असला तरी पाणी दूर नाही. विहिरी, तापी, गिरणा, पांझरा आपल्या दाराशी आहेत. उन्हाळ्याच्या सुटीत मुलींसाठी पोहण्याचा वर्ग मंडळाने चालवावा, आणि पहिल्याच दिवशी शिकवावे, की ओठ निळे झाले की बाहेर यायचे आणि तसे मोठ्याने सांगायचे. जी मुलगी विहिरीच्या काठावर हे म्हणायला शिकेल, ती पन्नास मीटर खालीही अंगठा वर करील.